बुलेट जर्नलमधले हाताने काढलेले बॅनर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुलेट जर्नल म्हणजे छोट्या खुणा वापरून कामं आणि नोंदी लिहायची वही, आणि तिच्यातल्या शीर्षकासाठी काढलेली घडीची पट्टी म्हणजे बॅनर. बॅनर काढायला शिकवणारे बहुतेक नमुने रोमन अक्षरांसाठी आखलेले असतात. त्यात देवनागरी घातली की वेलांट्या वरच्या कडेला धडकतात आणि उकार खालून बाहेर लोंबतात. म्हणून इथली उत्तरं मराठीत शीर्षकं लिहिणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. मापं ठिपक्यांच्या वहीच्या हिशोबाने आहेत: दोन ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे एक घर, आणि बहुतेक वह्यांत ते 5 मिमी असतं.

बॅनर म्हणजे नेमकं काय? साध्या चौकटीला बॅनर म्हणता येईल का?

म्हणायला हरकत नाही, पण चौकट कागदावर सपाट पडून राहते आणि बॅनर कागदापासून किंचित वर उचलल्यासारखा दिसतो. हा भास घडीमुळे येतो. पट्टी कुठेतरी मागे वळते, तिथे अंधार पडतो, आणि तिचं शेपूट पुन्हा बाहेर डोकावतं. मध्ययुगीन युरोपातल्या चित्रांमध्ये आणि हस्तलिखितांमध्ये माणसांच्या तोंडचे शब्द अशाच वळणाऱ्या पट्ट्यांवर लिहिलेले दिसतात. घराण्यांच्या मानचिन्हांखाली ब्रीदवाक्याची पट्टी असते तीही याच कुळातली. थोडक्यात, ही पट्टी पहिल्यापासून शब्द वाहून नेण्यासाठी आहे. हे लक्षात ठेवलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

बुलेट जर्नलच्या मूळ पद्धतीत बॅनर असतात का?

नाहीत. रायडर कॅरोल यांनी 2013 मध्ये ही पद्धत लोकांसमोर मांडली तेव्हा तिच्यात ठिपका, डॅश, फुली अशा खुणा होत्या, अनुक्रमणिका होती, महिन्याची आणि दिवसाची नोंद होती. सजावट नंतर वापरणाऱ्यांनी आणली. तेव्हा बॅनर नसलेली वही अपुरी नसते. बॅनरचा खरा उपयोग पानं चाळताना होतो. महिना कुठे बदलला, वाचनाची यादी कुठे सुरू झाली, हे अंगठ्याने पानं सोडतानाच दिसतं.

साहित्य काय काय घ्यावं?

एचबी किंवा त्याहून कडक पेन्सिल, मऊ खोडरबर, 15 सेमीची छोटी मोजपट्टी, दोन जाडीचे काळे फाइनलायनर (बारीक टोकाचे शाईचे पेन) आणि एक फिकट राखाडी रंगाचं पाण्यावर आधारित मार्कर. सुरुवातीला एवढं पुरतं. 24 ब्रश पेनांचा (ब्रशसारख्या मऊ टोकाच्या रंगीत पेनांचा) संच पहिल्या दिवशी घेतला तर तो रंग निवडण्यातच वेळ खातो.

फाइनलायनरच्या आकड्यांबद्दल एक गोष्ट. साकुराच्या पिग्मा मायक्रॉन पेनांवर 01 लिहिलेलं असेल तर रेघ 0.25 मिमी पडते, 05 असेल तर 0.45 मिमी आणि 08 असेल तर 0.50 मिमी. म्हणजे आकडा दुप्पट झाला म्हणून रेघ दुप्पट जाड होत नाही. बॅनरची बाह्यरेषा 05 किंवा 08 ने आणि घडीतल्या बारीक रेघा 01 ने काढल्या की फरक लगेच दिसतो. इतर काही कंपन्या आकडे थेट मिमीमध्ये लिहितात, त्यामुळे घेताना झाकणावरचं नीट वाचा.

माझ्या वहीत मागच्या पानावर सगळं दिसतं. कागद बदलावा का?

आधी नेमकं काय होतंय ते पाहा. मागून रेघेची सावली दिसणं वेगळं आणि शाई आरपार जाणं वेगळं. 80 जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागदावर सावली जवळजवळ नेहमी दिसते आणि ती चालवून घेता येते. शाई आरपार जात असेल तर दोष बहुतेक वेळा मार्करचा असतो. अल्कोहोल मार्कर जाड कागदातूनही मागे उतरतात, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहायच्या वहीत ते वापरूच नका. पाण्यावरच्या ब्रश पेनांसाठी 100 ते 120 जीएसएम पुरेसा होतो. 160 जीएसएमच्या वहीवर पाण्याचा हलका ओला हातही फिरवता येतो, पण वही जड होते.

रंगीत पेन्सिली कुठल्याही कागदावर चालतात. पातळ कागदाची वही हातात असेल तर नवी घेण्याऐवजी पेन्सिलींकडे वळा.

शेवटचं पान चाचणीसाठी राखून ठेवा. प्रत्येक पेनाची एक रेघ, त्यावर ओला ब्रश आणि बाजूला पेनाचं नाव. पान उलटून मागची बाजूही बघा.

घडीचा साधा बॅनर पायरीपायरीने कसा काढायचा?

पेन्सिलने 12 घरं रुंद आणि 4 घरं उंच आयत आखा. हा मधला भाग, इथे शब्द येणार.

आता उजवी घडी. आयताच्या खालच्या उजव्या कोपऱ्यापासून खालच्याच कडेवरून 2 घरं आत या आणि खूण करा. त्या खुणेच्या बरोबर खाली 1 घर उतरून दुसरी खूण करा. कोपरा आणि या दोन खुणा जोडल्या की एक चिंचोळा त्रिकोण तयार होतो. पट्टी मागे वळल्यावर तिचा जो तुकडा दिसतो तो हाच, आणि संपूर्ण चित्रात सगळ्यात गडद जागाही हीच.

मग शेपूट. खालच्या खुणेपासून उजवीकडे 5 घरं आडवी रेघ ओढा. आयताच्या उजव्या कडेवर वरून 1 घर खाली या आणि तिथून उजवीकडे 3 घरं रेघ ओढा. दोन्ही रेघांची टोकं एकाखाली एक येतात आणि त्यांच्यातलं अंतर 4 घरं भरतं, म्हणजे शेपूट मधल्या भागाइतकंच उंच. असायलाच हवं, कारण पट्टी एकच आहे. शेपटीच्या टोकाला मधोमध 1 घर आत खूण करून दोन्ही कोपरे तिला जोडले की खाच तयार. डावीकडे हेच उलट करा.

सगळं मिळून रुंदी 18 घरं होते, म्हणजे 90 मिमी. ए5 पान 148 मिमी रुंद असतं, तेव्हा दोन्ही बाजूंना मोकळी जागा उरते. शेपटं वरच्या बाजूला हवी असतील तर 1 घर खालीऐवजी वर सरका आणि त्रिकोण वरच्या कडेवर घ्या.

नवशिक्यांचा बॅनर विचित्र दिसतो त्याचं कारण बहुतेक वेळा शेपटीची उंची असते. ती मधल्या भागापेक्षा कमी पडते, आणि मग पट्टीला दुसऱ्याच कापडाचे तुकडे जोडल्यासारखं वाटतं. त्रिकोण उलटा काढणं हा दुसरा नेहमीचा घोळ. त्रिकोणाची उभी बाजू कायम आतल्या अंगाला, बॅनरच्या मध्याकडे असते.

आधी बॅनर काढायचा की आधी अक्षरं लिहायची?

आधी अक्षरं. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

आयत आधी आखला की शब्द त्यात कोंबावा लागतो. "फेब्रुवारी" लिहिताना "वारी"पर्यंत येईतो जागा संपते आणि शेवटची वेलांटी घडीवर चढते. "मे" लिहिला तर उलट, दोन्हीकडे ओसाड पट्टी उरते. शब्द आधी पेन्सिलने लिहिला की त्याची खरी रुंदी समोर असते. त्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड घर सोडा आणि मग आयत आखा. वरचं 12 घरांचं माप समजावण्यापुरतं होतं. 2 घरं उंचीच्या अक्षरांत "जानेवारी" साधारण 9 ते 10 घरं घेतो, म्हणून ते जुळतं.

मधोमध बसवायला अक्षरं मोजून अर्धी करण्याची युक्ती रोमनमध्ये बऱ्यापैकी चालते, मराठीत फसते. "री"ला वेलांटीचा दांडा असतो, "र" अरुंद असतो, "क्ष" आणि "ख" पसरट असतात. म्हणून रद्दी कागदावर शब्द त्याच आकारात लिहा, पट्टीने त्याची रुंदी मोजा, निम्मी करा, आणि पानाच्या मध्यापासून तेवढं डावीकडे जाऊन सुरुवात करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मात्रा आणि उकार बॅनरच्या बाहेर जातात. काय करू?

देवनागरीला उंचीचे तीन मजले लागतात. मधल्या मजल्यावर अक्षराचं अंग, वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार. रोमन मोठ्या लिपीत फक्त मधला मजला असतो, म्हणून तिकडच्या नमुन्यांत शब्द कडेपासून कडेपर्यंत भरलेला दिसतो.

4 घरं उंच बॅनरमध्ये शिरोरेषा वरच्या कडेपासून 1 घर खाली घ्या. अक्षरांचं अंग पुढची 2 घरं. शेवटचं 1 घर उकारांसाठी. मात्रा आणि उकार आपापल्या घराचा पाऊण भागच वापरतील एवढे आखूड ठेवा, म्हणजे कडेशी थोडी हवा राहते. छोट्या बॅनरला हेच प्रमाण निम्मं करा: अंग 1 घर, वर-खाली अर्धं अर्धं.

नवीन आकार वापरून बघायचा असेल तर "फेब्रुवारी" किंवा "जुलै" लिहून बघा. दोन्हींना वरही लागतं, खालीही लागतं. हे दोन बसले की बाराही महिने बसतात. "सप्टेंबर" वरून गर्दी करतो, कारण मात्रा आणि अनुस्वार एकाच ठिकाणी येतात. तिथे अनुस्वार मात्रेच्या उजवीकडे किंचित सरकवला तरी वाचायला अडचण येत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे चिन्हांना मुद्दाम बाहेर जाऊ देणं. वेलांटीचं टोक कडेवरून वळण घेत बाहेर काढलं तर ते छान दिसतं. अट एकच, ते ठरवून केलेलं दिसलं पाहिजे. एका शब्दात एकच चिन्ह बाहेर, आणि ते कडेला ठळकपणे ओलांडणारं. कडेला नुसतं टेकलेलं चिन्ह चुकल्यासारखं दिसतं.

लाटेसारखा बॅनर काढताना वरची आणि खालची रेघ जुळत नाही.

खालची रेघ नजरेने काढू नका, ठिपके मोजा. वरच्या वळणावर दर 2 घरांनी एक खूण करा. प्रत्येक खुणेपासून सरळ खाली बॅनरच्या उंचीइतकी घरं मोजून दुसरी खूण करा. मग खालच्या खुणा जोडा. दोन्ही कडा आपोआप समांतर राहतात. बॅनरच्या दोन्ही बाजू उभ्या आणि सरळ ठेवा.

वळण हलकं असू द्या. 10 घरांमागे 1 घर चढ भरपूर झाला. त्याहून जास्त झाला की शिरोरेषा घसरगुंडीसारखी दिसते. हो, शिरोरेषा वरच्या कडेला समांतर वळली पाहिजे. तिच्यासाठी पेन्सिलची वेगळी वळणरेघ आखा, तशीच एक अक्षरांच्या पायाशी. काने मात्र सरळ उभेच ठेवा, वळणाबरोबर तिरके करू नका. शिरोरेषा वळते आणि काने उभे राहतात तेव्हा शब्द कापडावर छापल्यासारखा वाटतो.

कमानीचा बॅनर असेल तर नियम उलटा. तिथे अक्षरं कमानीच्या केंद्राच्या रोखाने थोडी कलली पाहिजेत, नाहीतर टोकाची अक्षरं पडल्यासारखी दिसतात. कमानीसाठी एखादं गोल झाकण पेन्सिलने गिरवा.

पताकांच्या माळेवर महिन्याचं नाव लिहिता येईल का?

येईल, आणि मराठीत ते फार सोयीचं आहे. एका पताकेवर एक अक्षर, त्याच्या काना-मात्रेसकट, असं धरलं तर एकाही महिन्याला चारपेक्षा जास्त पताका लागत नाहीत. जा-ने-वा-री चार, फे-ब्रु-वा-री चार, ऑ-ग-स्ट तीन, स-प्टें-ब-र चार, जू-न दोन, आणि मे बिचारा एकटा. जोडाक्षर एकाच पताकेवर बसतं. 5 घरं रुंदीच्या चार पताका आणि मध्ये एकेक घर मोकळं, म्हणजे एकूण 23 घरं. ए5 पानावर 29 घरं मिळतात.

आठवड्याचे वार घ्यायचे तर फक्त "मंगळवार"ला पाच लागतात, बाकी सगळे चारात होतात. पाच पताकांची माळ आखायची तर 5 ऐवजी 4 घरं रुंदी घ्या.

आकाराची मात्र काळजी घ्या. त्रिकोणी पताका खाली निमुळती होते आणि नेमकी उकाराची जागा जाते. "जू" त्रिकोणात घातला की गुदमरतो. उभा आयत आणि खाली खाच, अशी पताका देवनागरीला बरी पडते. शिरोरेषा प्रत्येक पताकेपुरतीच ठेवा. माळेची दोरी शिरोरेषेच्या जागी वापरण्याचा मोह होतो, पण मग मात्रा दोरीच्या वर हवेत तरंगतात.

हात थरथरतो, रेघ सरळ येत नाही.

पेनाच्या टोकाकडे बघू नका, जिथे पोचायचं आहे त्या ठिपक्याकडे बघा. वही फिरवा, म्हणजे प्रत्येक रेघ तुमच्या हाताला सोयीच्या दिशेने ओढता येईल. आणि थोडं वेगाने ओढा. हळू ओढलेली रेघ जास्त थरथरते. तरीही वाकडी आली तर तिच्या शेजारी दुसरी बारीक रेघ ओढा. दुहेरी बाह्यरेषेत वाकडेपणा नक्षीसारखा दिसतो. पट्टी वापरायलाही काही हरकत नाही. फक्त शाईच्या पेनाने पट्टीला घासून रेघ ओढली की पट्टी उचलताना शाई पसरते, म्हणून जिची कड कागदापासून जरा वर राहते अशी पट्टी घ्या किंवा पट्टी उलटी धरा.

सावली कुठे द्यायची ते कळत नाही.

प्रकाश कुठून येतो ते आधी ठरवा आणि वहीभर तेच ठेवा. वरच्या डाव्या कोपऱ्यातून धरला तर लक्षात ठेवायला सोपं जातं.

गडदपणाचे तीन टप्पे पुरतात. घडीचा त्रिकोण पूर्ण गडद, म्हणजे सरळ काळा किंवा बॅनरच्या रंगाची सगळ्यात गडद छटा. दुसरा टप्पा शेपटीवर, जिथे ती मधल्या भागाखालून बाहेर पडते. तिथे कडेपाशी दाट आणि बाहेर जाता जाता विरळ. तिसरा, अगदी हलका, मधल्या भागाच्या दोन्ही टोकांना, जिथे पट्टी मागे वळायला लागते.

सावली रेघांनी द्यायची असेल तर प्रत्येक रेघ घडीपासून सुरू करा आणि शेवटी पेन उचलत सोडा, म्हणजे टोक बारीक होईल. सगळ्या रेघा सारख्या लांबीच्या नकोत. एक लांब, दोन आखूड, एक मध्यम अशा पडल्या की कापडाची चुणी वाटते. सारख्या लांबीच्या रेघा कंगव्यासारख्या दिसतात. लाटेच्या बॅनरवर रेघाही पट्टीच्या वळणाला धरून वळवा. सपाट रेघा मारल्या की लाट नाहीशी होते.

शेवटी राखाडी मार्करने बॅनरच्या खाली आणि उजवीकडे, बाह्यरेषेला चिकटून, एक पातळ पट्टा द्या. ही कागदावर पडलेली सावली. एवढ्याने बॅनर पानापासून सुटा होतो. वेळ कमी असेल तर बाकी सगळी सावली सोडा, पण काळा त्रिकोण आणि हा राखाडी पट्टा सोडू नका.

ब्रश पेन फिरवला की काळी रेघ फिसकटते. असं का?

तुमच्या काळ्या पेनात पाण्यात विरघळणारी रंगशाई आहे. ओला ब्रश पेन किंवा हायलायटर तिच्यावरून गेला की ती परत ओली होते आणि पसरते. पिगमेंट शाईत रंगाचे कण असतात, ते वाळल्यावर पाण्याने हलत नाहीत. फाइनलायनरवर पिगमेंट शाई किंवा जलरोधक असं लिहिलेलं असेल तर वाळल्यावर वरून रंग देता येतो. नसेल तर क्रम उलटा करा: आधी रंग, तो वाळला की वरून काळी रेघ.

वाळायला वेळ द्या, विशेषतः गुळगुळीत कागदावर. तिथे शाई मुरत नाही, पृष्ठभागावरच थांबते. आणि काळी रेघ ओलांडताना ब्रश पेनाच्या टोकाला काळं लागलं तर ते रद्दी कागदावर रेघा ओढून लगेच साफ करा, नाहीतर पुढचा पिवळा रंग मळकट येतो.

पेन्सिल कधी खोडायची?

शाई वाळल्यानंतर आणि रंग देण्याआधी. रंगाखाली राहिलेली पेन्सिल नंतर सुटत नाही, फिकट पिवळ्या-गुलाबी रंगाखाली तर ती हमखास दिसते. खोडरबर शाईचा थोडा काळेपणाही उचलतो. बाह्यरेषा फिकी वाटली तर खोडून झाल्यावर पुन्हा एकदा गिरवा.

रंग किती वापरावेत?

एका बॅनरला एक रंग, त्याचीच एक गडद छटा आणि राखाडी. पुरे. गडद छटा वेगळ्या पेनाने दिलीच पाहिजे असं नाही. पाण्यावरच्या ब्रश पेनाचा पहिला थर वाळू देऊन त्याच पेनाचा दुसरा थर दिला की रंग चढतो. तिसऱ्या थराला कागद सोलायला लागतो, तिथे थांबा.

अक्षरं काळी ठेवायची तर पट्टी फिकट हवी. गडद निळ्या किंवा जांभळ्या पट्टीवर काळी अक्षरं कागदावर जितकी वाईट दिसतात तितकी मनात दिसत नाहीत. रंगांना अर्थ दिला तर तो वहीभर पाळा. कामाच्या यादीला निळा बॅनर दिला असेल तर वाचनाच्या यादीला निळा नको.

बॅनरच्या आत नक्षी किती करावी?

मधल्या भागात जवळपास काहीच नको. नक्षी शेपटांवर करा. तिथे शब्द नसतो, म्हणून ठिपके, पट्टे, चौकडी, लाकडाच्या रेषा, हवं ते भरा. मधल्या भागात फार तर कडेपासून पाव घर आत टाक्यांसारखी तुटक रेघ चालते. ती शब्दाला धक्का न लावता पट्टीला कापडाचं रूप देते. मात्रा वरच्या कडेजवळ पोचत असतील तर टाके फक्त खालच्या कडेला घ्या.

मधल्या भागात फुलांची नक्षी भरून त्यावर अक्षरं लिहिलेले बॅनर खूप दिसतात. ते दुरून सुंदर असतात आणि वाचायला गेलं की डोळे बारीक करावे लागतात. देवनागरीत अनुस्वाराचा एक ठिपका शब्द बदलतो. ठिपक्यांच्या नक्षीवर तो शोधणार कसा?

पानं-फुलं बॅनरच्या मागून डोकावताना कशी दाखवायची?

जे पुढे आहे ते आधी काढा. बॅनर शाईने पूर्ण करा, मग पानाचा देठ पेन्सिलने बॅनरच्या आरपार आखा, म्हणजे तो दोन्ही बाजूंना एकाच रेषेत राहील. शाई फक्त बाहेरच्या भागावर द्या आणि रेघ बॅनरच्या कडेला टेकवून थांबवा. किंचित अंतर राहिलं तरी पान सुटं पडल्यासारखं दिसतं. पानांचे झुबके दोन्ही बाजूंना सारखे नकोत. एका बाजूला मोठा, दुसऱ्या बाजूला एखादंच पान.

पांढरा जेल पेन उमटत नाही.

खालचा रंग ओला असेल तर तो पांढऱ्यात मिसळतो. पूर्ण वाळू द्या. रंगीत पेन्सिलींच्या मेणकट थरावर जेल पेनाची गोळी घसरते, तिथे हलका हात ठेवा आणि मधूनमधून टोक कागदावर फिरवून मोकळं करा. चमक दाखवायला पट्टीच्या सगळ्यात फुगीर जागी एक आखूड रेघ आणि पुढे एक ठिपका पुरतो.

मी डावखुरा आहे. शाई हाताला लागून पसरते.

मनगटाखाली कोरा कागद ठेवा आणि बॅनर उजव्या शेपटापासून डावीकडे काढत या. बाह्यरेषेला दिशेचं बंधन नसतं. अक्षरांची शाई सगळ्यात शेवटी द्या. पेन्सिलचा शब्द समोर असल्यामुळे तोही उजवीकडून गिरवत येता येतो.

बॅनर समोरासमोरच्या दोन पानांवर पसरवायचा आहे.

मधल्या शिवणीत कोणतंही अक्षर येऊ देऊ नका. शिवणीच्या दोन्ही बाजूंना एकेक घर मोकळं सोडा आणि दोन शब्दांमधली जागा तिथे आणा. एकच लांब शब्द असेल तर दोन पानांचा हट्ट सोडलेला बरा, कारण शिरोरेषा शिवणीत तुटली की शब्द दुभंगतो. ठिपके दोन्ही पानांवर एका ओळीत आहेत का तेही बघा. काही वह्यांत ते अर्धा मिमी सरकलेले असतात.

शाई देऊन झाल्यावर शब्द चुकलेला दिसला तर?

वेगळ्या कागदावर नवा बॅनर काढा, बाह्यरेषेच्या बाहेर एक मिमी सोडून कापा आणि जुन्यावर चिकटवा. सुक्या गोंदाची कांडी वापरा, पातळ गोंदाने कागद सुरकुततो. कापलेल्या कडेखाली राखाडी सावली दिली की चिकटवलेला बॅनर मूळच्यापेक्षा जास्त उठून दिसतो, त्यामुळे काही जण सगळेच बॅनर मुद्दाम असे कापून लावतात. पांढऱ्या दुरुस्ती-शाईने एखादी मात्रा झाकता येते, पण वहीचा कागद पिवळसर असेल तर तो डाग आधी दिसतो आणि बॅनर नंतर.

स्टेन्सिल (आकार कापलेला साचा) किंवा वॉशी टेप (रंगीत कागदी चिकटपट्टी) वापरली तर ते हाताने काढलेलं म्हणायचं का?

ते तुमचं तुम्ही ठरवा. स्टेन्सिलची अडचण वेगळी आहे. त्यातला बॅनर ठरावीक रुंदीचा असतो आणि शब्द त्यात कोंबावा लागतो. स्टेन्सिलमधून फक्त शेपूट आणि घडी गिरवून मधला भाग शब्दाच्या मापाने पट्टीने आखला की ही अडचण सुटते. फिकट, एकरंगी वॉशी टेपचा तुकडा दोन्ही टोकांना खाच कापून लावला तर दहा सेकंदांत बॅनर तयार होतो. त्यावर लिहायला पिगमेंट शाई घ्या आणि वाळेपर्यंत हात लावू नका.

प्रत्येक पानावर बॅनर हवा का?

नको. महिन्याच्या पहिल्या पानावर मोठा, यादीच्या किंवा संग्रहाच्या सुरुवातीला मध्यम. रोजच्या नोंदीला तारखेखाली एक रेघ पुरते. सगळ्याच पानांवर बॅनर आले तर पानं चाळताना एकही ठळक दिसत नाही. शिवाय रोजचा बॅनर राहिला म्हणून त्या दिवसाची नोंदच न करणारे लोक असतात, त्यांच्यासाठी तर सजावट महाग पडते.

दर वेळी मापं नव्याने काढावी लागतात. यावर उपाय?

वहीच्या शेवटून दुसऱ्या पानावर मापांचा तक्ता करा. तुमच्या हस्ताक्षरात 2 घरं उंचीचे बारा महिने एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे त्याची रुंदी घरांत लिहा. त्याच पानावर आवडलेले तीन-चार बॅनर लहान आकारात काढून घडी किती घरं आत, शेपूट किती लांब, खाच किती खोल हे शेजारी नोंदवा. वही संपली की हे पान कापून पुढच्या वहीच्या मागच्या खिशात ठेवा. नवी वही घेताना तिच्या ठिपक्यांचं अंतरही 5 मिमीच आहे याची खात्री करा. काही वह्यांत ते 4 मिमी असतं, आणि मग तक्त्यातले सगळे आकडे पुन्हा मोजावे लागतात.